घासून चालणारी सायकल

"हिंदुराव, तुजी गाडी मागं निघाली रं!"

ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या आत्तीनं ते सगळ्यात आधी बघितलं. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. आम्ही दोघं, म्हणजे मी आणि आमचे हे, अंगणात धुरात खोकत उभे होतो. माझी लेडीज सायकल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या वर कॅरेजवर बसवलेलं फवारणी पंपाचं इंजिन फटफटत होतं आणि सायकलची पायडलं आपोआप उलटी गरागरा फिरत होती.

"मागं कुठं, आई? जागंवरच हाय की," हे म्हणाले.

"पायडलं बघ. हिला जायचंय माळेवाडीला, तू नेऊन सोडशील माहेराला."

मी तोंडाला पदर लावला. हसले असते तर यांनी पुढचे चार दिवस अबोला धरला असता.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी इंजिन सरळ बसवलं होतं, पण त्याचा तापलेला सायलेन्सर माझ्या साडीच्या बाजूला येत होता. "माझी साडी जळेल," एवढंच मी बोलले. यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी उठून अख्खं इंजिनच फिरवून उलट्या तोंडानं बसवलं. सायलेन्सर गेला पलीकडं, साडी वाचली. पण इंजिन उलटं बसवलं की चाकही उलटं फिरणार, एवढी साधी गोष्ट काही डोक्यात आली नाही. मिस्त्री माणूस! पंचक्रोशीतले द्राक्षवाले फवारणीचे पंप दुरुस्तीला यांच्याकडं आणायचे.

"तुझ्या साडीपायी झालं सगळं," हे मला म्हणाले.

"मग साडीच नेसायची सोडते," मी म्हटलं. आत्तीनं माझ्याकडं असं बघितलं, की मी शेंगांचं सूप उचलून आत गेले.

तर यंत्र असं होतं. इंजिनाच्या दांड्यावर एक लोखंडी रूळ बसवलेला. हा रूळ मागच्या टायरवर दाबून बसायचा. इंजिन सुरू झालं की रूळ फिरायचा आणि टायरला घासून चाक पुढं ढकलायचा. बस, एवढंच. साखळी नाही, गिअर नाही. सीटशेजारी एक दांडा होता. तो खाली केला की रूळ टायरवर टेकायचा, वर उचलला की सुटायचा आणि मग ती आपली साधी सायकल. हे मला यांनी इतक्या वेळा समजावून सांगितलं होतं की माझ्या चौथीच्या पोरांनाही ते पाठ झालं होतं.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी? माझ्या नोकरीसाठी. मी शाळामास्तरीण. लग्नाआधी लागलेली नोकरी, अजून कायम झालेली नव्हती, आणि तशातच माझी बदली माळेवाडीला झाली. आमची करंजोळी आणि माळेवाडी यांच्यामध्ये कुंभारखिंड. एस.टी. होती, पण ती शाळा भरून गेल्यावर तिथं पोचायची. सायकलनं खिंडीच्या पायथ्यापर्यंत मी वाऱ्यासारखी जायची, पण चढ लागला की उतरा आणि ढकला. वर पोचेपर्यंत घामाघूम, शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली. आमचे हेडमास्तर कोष्टी गुरुजी भला माणूस. पण भल्या माणसालाही वरचे साहेब असतात.

"बाई, या महिन्यात मगदूम साहेब तपासणीला येणार आहेत," एक दिवस ते म्हणाले. "तुमचं कायम होणं त्यांच्या शेऱ्यावर आहे. त्या दिवशी उशीर झाला, तर माझ्या हातात काही नाही. वाडीत एखादी खोली तरी बघा."

घरी येऊन मी ते सांगितलं. आत्ती लगेच म्हणाली, "सोड की ती नोकरी. घरात काय उपाशी हाईस?"

"उपाशी नाही, पण मला शिकवायला आवडतं," मी म्हटलं.

"मग ह्यालाच शिकव की. ह्याला अजून लई शिकायचंय."

त्याच संध्याकाळी यांनी दुकानाच्या कोपऱ्यातून एक जुना पंप काढला. त्याचा मालक नवीन घेऊन हा यांच्या गळ्यात मारून गेला होता. मला काळजी वाटली. कारण यांनी सुरू केलेल्या गोष्टी मला माहीत होत्या. शेंगा फोडायचं एक यंत्र केलं होतं, ते शेंगांबरोबर दाणेही फोडायचं. आत्ती त्याला "कुटाचं यंत्र" म्हणायची. पाटाच्या पाण्यावर फिरणारा एक पाळणा निम्मा करून सोडला होता, तो अजून परड्यात कोंबड्यांच्या कामाला येत होता. माझी नोकरी या रांगेत जाऊन बसणार, अशी मला खात्रीच वाटली.

पण नाही. इंजिन पुन्हा सरळ केलं, सायलेन्सरवर पत्र्याचं झाकण बसवलं. पदर अडकू नये म्हणून चाकालाही झाकण झालं. हा पत्रा बिस्किटाच्या डब्याचा होता, आणि त्यावरचं गुबगुबीत बाळ मागून येणाऱ्या प्रत्येकाकडं बघून हसायचं. पहिल्या दिवशी मी दांडा खाली केला, इंजिन गुरगुरलं, आणि आई शपथ, सायकलनं मला असं ओढलं की मी "अगं बाई!" म्हणून ओरडले. पेठेतली माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन उभी राहिली.

"मास्तरणीचं इमान उडालं!" कुणीतरी ओरडलं.

खिंडीच्या चढावर थोडं पायडल मारायला लागलं, पण उतरायला लागलं नाही. मी शाळेत पोचले तेव्हा दरवाजाला कुलूप होतं. किल्ली कोष्टी गुरुजींकडं. गुरुजी आले आणि मला पायरीवर बसलेली बघून त्यांनी घड्याळ कानाला लावून बघितलं.

घरी आल्यावर आत्तीनं गाडीची पूजा केली. हळद-कुंकू, नारळ, हँडलला झेंडूचा हार. म्हणाली, "नोकरी सोड म्हणते ते येगळं. गाडी घरात आलीया, ती पुजायलाच पायजे."

आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी घसरायला लागली.

सपाटीवर बरी चालायची. चढ आला की इंजिन नुसतं ओरडायचं, रूळ टायरवर गरगर फिरायचा आणि चाक जागचं हलायचं नाही. मग उतरून ढकला. आधी नुसती सायकल ढकलायची, आता इंजिनासकट. वर आणखी एक चमत्कार. चढावर रूळ घसरायला लागला की मला फोडणीचा वास यायचा. घरातून उपाशी निघाल्यामुळं होत असेल, असं वाटून मी निघताना एक भाकरी जास्त खायला लागले. वास काही जाईना. एक दिवस मी वर्गात गेले, तर पुढच्या बाकावरची पोरगी नाक वर करून म्हणाली, "बाई, डब्यात भजी हायत?"

घरी मी यांना सांगितलं, "गाडी चढत नाही."

यांनी लगेच गाडी काढली आणि गावाबाहेरच्या लहान चढावर नेली. गाडी सरसर चढली. परत येऊन माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला दांडा नीट दाबता येत न्हाई."

"दांड्यावर बसू का आता?"

"तुला भ्या वाटतं म्हणून तू हात ढिला सोडतीस."

"भीती मला नाही, तुमच्या इंजिनाला वाटते. घरात वाघ आणि खिंडीत शेळी."

असं रोज चाललं. रोज सकाळी ती माझ्या हाताखाली घसरायची, रोज संध्याकाळी यांच्या हाताखाली चढायची. रुळाच्या कडेला तेलकट चिकटा मात्र दिसायचा. यांनी निदान केलं, इंजिन तेल सोडतंय. रोज दुकानातून येऊन कंदिलाच्या उजेडात इंजिन उघडायचं, वॉशर बदलायचं, पुन्हा बसवायचं. रुळावर कानशीनं आडव्या रेघा पाडल्या, की पकड यावी. तरी सकाळी तेच. त्यांच्या नाकाला पेट्रोलशिवाय दुसरा वास कळत नसे, नाही तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता.

हळूहळू यांचा चेहरा उतरायला लागला. पेठेत लोक विचारायचे, "काय मिस्त्री, इमान उडतंय का?" आणि हे मान खाली घालून जायचे. एकदा जेवताना मला म्हणाले, "माळेवाडीत खोली बघू या का तुला?" ते ऐकून मी हातातली भाकरी ताटात ठेवली. लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती.

आत्ती रोज संध्याकाळी विचारायची, "चढली का गं आज?"

"नाही, आत्ती."

"आस्सं," म्हणायची आणि विचारात पडून आत जायची. मग आतून आवाज यायचा, "म्हणून म्हणती, सोड ती नोकरी."

मगदूम साहेबांच्या भेटीची सकाळ उजाडली. मी लवकर आवरलं, ठेवणीतली निळी साडी नेसले, आणि सायकल काढायला परड्यात गेले. बघते तर आत्ती मागच्या चाकाजवळ उकिडवी बसलेली. एका हातानं चाक हळूहळू फिरवतेय, आणि दुसऱ्या हातातल्या बुधलीतून शेंगतेलाची धार रुळावर सोडतेय. देवाला घालावं तसं, अगदी मन लावून.

"आत्ती!" मी किंचाळलेच. "काय करताय?"

ती दचकलीसुद्धा नाही. "वंगण घालतीया. दिसत न्हाई?"

"रोज घालता?"

"मग! चाकाला रोजच घालायचं असतंय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतक्या दिवसांचा घाम, भांडणं, यांचा उतरलेला चेहरा, सगळं एकदम आठवलं. मी म्हटलं, "माझी नोकरी तुम्हाला नको आहे, तर तोंडावर सांगायचं होतं. असं मागून कशाला करायचं?"

आत्ती उठून उभी राहिली. तेलाचा हात कपाळाला लागला होता. "तोंडावर तर रोज सांगतीया की! नगं करू म्हणून घसा कोरडा केला. पर तू जायचीच म्हटल्यावर गाडी नीट जायला पायजे का नगं?"

तोवर आवाज ऐकून हे बाहेर आले, तोंडात मशेरीचं बोट. बुधली बघितली, रूळ बघितला आणि मटकन खाली बसले.

"आई," हे मशेरी थुंकून म्हणाले, "किती दिवस घालतीस हे?"

"पूजा केली तवापास्नं."

"आगं, ही गाडी घासूनच चालती! रूळ टायरला घासायला पायजे. तेल घातलं की घसरती, आन संध्याकाळपत्तोर तेल उडून जातंय म्हणून माज्या हाताखाली चढती."

"घासून?" आत्तीनं आमच्या दोघांकडं असं बघितलं, जसं आम्हीच येडे झालोय. "घासून कुटं गाडी चालती व्हय? माजा बा गाडीवान हुता. जितं घासतंय तितं वंगण, हे मी चालायला लागल्यापास्नं बघितलंय. रोज माळवदावर चढून बघती मी. खिंडीत हिचा धूर थांबतोय, म्हंजी ही उतरून ढकलत असणार. म्हटलं, तेल कमी पडत असंल. म्हणून रोज वाईच जास्त घालत गेली."

हे हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेचनात. मला हसावं की रडावं कळेना. महिना संपायच्या आत घरातलं तेल कसं संपलं, हे कोडं मात्र सुटलं. त्या तेलावरून मी वाण्याशी भांडून आले होते.

"हसतोस काय भाड्या!" आत्ती ओरडली. "हिला उशीर हुतोय, आन ह्यो दात काढतोय. आता ह्याला करायचं काय?"

उत्तर तिचं तिनंच शोधलं. चुलीतली राख घमेल्यात भरून आणली, नारळाची शेंडी घेतली आणि टायर घासायला बसली. भांड्याचं तेल राखेनं जातं, मग टायरचं का जाणार नाही? मी पदर खोचून रुळाला भिडले. हे पेट्रोलचं फडकं फिरवायला लागले. परड्यात तिघं एका चाकाभोवती बसलेले, आणि कोंबड्या आमच्याकडं बघत उभ्या.

"घासून चालणारी गाडी म्हणं," आत्ती पुटपुटत होती. "असलं कदी ऐकलंबी न्हाई."

"का? आपलं घर कसं चालतंय मग?" हे म्हणाले.

आम्ही दोघींनी एकाच वेळी त्यांच्याकडं असं बघितलं की ते गुपचूप फडकं धुवायला गेले.

मी निघाले तेव्हा ऊन वर आलं होतं. सपाटीवर मी इंजिनाला विश्रांती दिली नाही आणि पायालाही नाही. पायथ्याशी आल्यावर देवाचं नाव घेतलं. दांडा पूर्ण खाली दाबला. रुळानं टायर धरलं. इंजिनाचा आवाज जाड झाला, जरा दबल्यासारखा वाटला, आणि सायकल वर चढायला लागली. मी रोज जिथं उतरायची ती वेडी बाभळ आली आणि गेली. फोडणीचा वास नाही, नुसता जळक्या रबराचा. इतका चांगला वास मी जन्मात घेतला नव्हता. पायडल मारत, इंजिनाला "चल गं बाई, चल गं माझे आई" म्हणत मी खिंडीच्या माथ्यावर पोचले.

आणि तिथं मी थांबले. थांबायला वेळ नव्हता, पण राहवेना. मागं वळून बघितलं. लांब खाली करंजोळी, आणि आमच्या माळवदावर एक हिरवा ठिपका. आत्तीचं लुगडं. मी सायकल पायाला टेकवली, पदर काढला आणि दोन्ही हातांनी हवेत फडफडवला. पुष्कळ वेळ फडफडवला. तेवढ्यात इंजिन बंद पडलं, ते पलीकडच्या उतारावर सायकल सोडून पुन्हा सुरू केलं.

घंटा होत होती तेव्हा मी शाळेच्या फाटकात होते. कोष्टी गुरुजींनी मला बघून छातीवरचा हात खाली घेतला.

मगदूम साहेब जरा वेळानं आले. उंच, चष्म्यावरून बघणारा माणूस, कमी बोलणारा. माझ्या वर्गात मागं बसून त्यांनी गणिताचा तास बघितला. पोरांना प्रश्न विचारले. पोरांनी उत्तरं दिली, काही बरोबर, काही मला मान खाली घालायला लावणारी. मधल्या सुट्टीत ते गुरुजींच्या टेबलाशी शेरा लिहायला बसले आणि मला समोर उभं केलं.

"बाई, शिकवणं ठीक आहे," ते म्हणाले. "पण तुमच्या उशिराच्या नोंदी फार आहेत. आज मी येणार म्हणून वेळेवर आलात. उद्याचं काय?"

मी तोंड उघडणार तोच बाहेर पोरांचा गलका झाला. दारात आत्ती उभी.

केस विस्कटलेले, पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत माखलेले, चपला हातात आणि खांद्यावर बैलाचा कासरा. चालत आली होती. सगळी वाट, खिंड ओलांडून, एकटी.

"माजी सून पोचली का?" तिनं दारातूनच विचारलं, आणि मग तिला मी दिसले. ती चौकटीला टेकून खालीच बसली.

"आत्ती! काय झालं? घरी सगळं ठीक आहे ना?" मी धावले.

"मला काय हुतंय? तुजा धूर थांबला की खिंडीत! लई येळ थांबला, आन मग दिसलाच न्हाई. म्हटलं, मोडली गाडी. म्हटलं, पडली पोर कुटं तरी. कासरा घेतला गाडी वढायला."

"आत्ती, मी तुम्हाला हात करायला थांबले होते."

ती फणकारली, "मला हात कशाला करायचा? मी काय जत्रंला निगाली हुती?"

मगदूम साहेबांनी चष्मा काढला. "कोण आहेत या?"

"माझ्या सासूबाई, साहेब."

कोष्टी गुरुजींनी पाण्याचा तांब्या आणला. आत्तीनं तो घटाघटा प्याला, पदरानं तोंड पुसलं आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता संपलं. हिची जीभ म्हणजे कोयता.

"सायेब, ही आज येळंवर आली का न्हाई?"

"आल्या."

"मग तसं लिवा."

"आजी, आजचं ठीक आहे. पण आधीचा उशीर..."

"त्यो माज्या तेलानं झाला. हिचा काय दोष न्हाई त्यात."

"तेलानं?" साहेब गोंधळले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, गुरुजींकडं बघितलं. गुरुजी छताकडं बघत होते.

"तेलानं," आत्ती म्हणाली. "आता तेल बंद केलंय. आता रोज येळंवर येणार. आन गाडी मोडलीच, तर मी चालत आणून सोडीन. आज आली तशी. लिवा."

साहेबांनी चष्मा घातला आणि लिहिलं. लिहिताना त्यांच्या मिशा हलत होत्या, एवढं मी बघितलं. पुढं मी कायम झाले, त्याच शाळेत कित्येक वर्षं शिकवलं.

शाळा सुटेपर्यंत आत्ती माझ्या वर्गात मागं बसून राहिली. पोरांना दटावत होती, "बाई सांगतीया ते ऐका की रं!" संध्याकाळी आम्ही दोघी निघालो. इंजिन कॅरेजवर असल्यामुळं तिला बसवायला जागा नव्हती, म्हणून मी सायकल हातात धरली आणि चालत निघाले.

खिंडीच्या माथ्याच्या जरा अलीकडं एक वळण आहे. तिथं आत्ती थांबली. मला वाटलं, दमली.

"बसता का जरा?"

"न्हाई." ती रस्त्याच्या कडेला बघत होती. तिथं काही नव्हतं, घाणेरीची झुडपं होती. "हितंच बाची गाडी मोडली. गूळ भरला हुता. चाकाचा आस कोरडा पडून जळला, चाक निगालं, बा खाली गावला. पाय गेला त्याचा. त्यानंतर त्यो गाडीवर बसला न्हाई, लई दिस जगलाबी न्हाई."

मी सायकल कडेला घेतली.

"पहाटं उठून वंगण घालायचं काम माजं हुतं," ती म्हणाली. "त्या दिवशी मी झोपून राहिली."

आत्तीचं माहेर माळेवाडीच्या पुढंच होतं, खिंडीतून गेलं तर जवळ. पण ती कायम एस.टी.नं लांबचा वळसा घालून जायची. मला वाटायचं, हिला खिडकीत बसायची हौस. ती आज सकाळी याच वळणावरून एकटी, कासरा खांद्यावर घेऊन आली होती. माझा धूर दिसेना म्हणून.

माझ्या डोळ्यांना धार लागली. हँडल धरलेलं, त्यामुळं पुसताही येईना.

आत्तीनं माझ्याकडं बघितलं, चाकाकडं बघितलं.

"रडू नगंस त्या चाकावर," ती म्हणाली. "भिजलं म्हंजी घसरंल."

उतार लागल्यावर ती माझ्या मागं लागली, तू बस आणि हो पुढं, मी येते मागून. मी ऐकलं नाही. एका बाजूनं मी आणि एका बाजूनं ती, सायकल मधे धरून आम्ही खाली उतरलो. वेशीत हे उभे होते. आई घरात नाही म्हणून गावभर हिंडून आलेले. आम्हाला गाडी ढकलत येताना त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"परत घसरली?"

"गाडीला काय धाड भरलीया?" आत्ती म्हणाली. "बाजूला हो. माजी लेक दमून आलीया, आधी च्या ठेव."